कॅमेऱ्याच्या पॉलिसीत 'चासी नंबर'

माझे ६,४९० रुपये एका विमा एजंटने खाल्ले आणि त्यापायी दुरुस्तीचे ६१,३०० माझ्या बोडक्यावर बसले. गोव्यात फोंडा, माशेल, डिचोलीकडे लग्नं-जत्रा करणाऱ्या फोटोग्राफरांनी हे वाचाच. हा माणूस अजून व्हॉट्सअ‍ॅपवर 'शुभ सकाळ' टाकतोय.

जुनं कॅमेऱ्याचं किट म्हार्दोळला लग्नाच्या हॉलबाहेर उभ्या गाडीतून गेलं. विमा नव्हता. म्हणून नवं जमवताना वस्तून् वस्तू पारखून घेतली. निकॉन झेड सिक्स टू, सेकंडहँड, ८८,०००. पहिल्या झेड सिक्सला कार्डाचा एकच स्लॉट. ऐन मुहूर्तावर कार्ड मेलं तर नवरीचा बाप सोडेल का? बॉडीवरचा सिरियल नंबर फोटोच्या एक्झिफमधल्या (फोटोच्या फाइलीत दडलेली माहिती) नंबराशी ताडून बघितला, शटर काउंट, म्हणजे आजवर किती फोटो काढलेत तो आकडाही तिथूनच काढला. २४-७० ची लेन्स १,२२,०००, ८५ ची ३८,०००. दोन्हींत टॉर्च मारून बुरशी बघितली (आपल्या पावसात ड्राय कॅबिनेट, म्हणजे ओल धरू न देणारं कपाट, नसेल तर आधी ते घ्या, लेन्स मागाहून). एकूण २,४८,०००. एवढी पारख असलेला माणूस कागदावर कसा फसला, असं आता लोक विचारतात. विचारोत.

एजंट परका नव्हता. चुलतभावाच्या गाडीचा विमा त्यानेच काढलेला, आणि तो खरा होता. "पात्रांव, तू भियेवं नाका, ऑल रिस्क काडून दितां." (घाबरू नकोस, काढून देतो.) ऑल रिस्कच, म्हणजे चोरीपासून पडण्यापर्यंत सगळं धरणारा विमा, हवा होता. नुसत्या घरफोडीच्या विम्यात कुलूप-दार फोडल्याची खूण दाखवावी लागते, आणि कॅमेरा हातातून पडला तर दमडी मिळत नाही. प्रीमियम ५,५००, त्यावर १८ टक्के जीएसटी ९९०. हिशेब चोख! पैसे मात्र स्वतःच्या यूपीआयवर मागितले, म्हणे कंपनीचा सर्व्हर बंद आहे. इथे थांबा. प्रीमियम कंपनीच्या खात्यातच भरा, सर्व्हर आठवडाभर बंद असला तरी. पैसे कंपनीकडे पोचल्याशिवाय विमा सुरूच होत नाही, विमा कायद्याचं कलम ६४ व्हीबी हेच सांगतं.

दोन दिवसांनी पीडीएफ आली. लोगो, शिक्का, सही, सगळं. मधल्या तक्त्यात एक रकाना: 'चासी नंबर'. त्यापुढे माझ्या कॅमेऱ्याचा सिरियल नंबर. चासी नंबर असतो गाडीला. कॅमेऱ्याला चासी! बाकीची अक्षरं बारीक, हा आकडा किंचित जाड आणि ओळीच्या केसभर खाली बसलेला. मी तो बघितला. बोटांनी मोठा करून बघितला, कारण सिरियल नंबर बरोबर पडलाय ना, एवढंच तपासायचं होतं. आकडा जुळला आणि मी फोन खिशात टाकला. नजर इंचभर डावीकडे गेली असती तर! आजही रात्री तो रकाना डोळ्यांसमोर येतो. पण विम्याचे कागद वाचता येतील असे असतात कुठे? चासी म्हणजे बॉडी असेल, असं कोणालाही वाटेल. तुमच्यातल्या किती जणांनी आपली पॉलिसी पहिल्या पानापलीकडे उलटलीय, सांगा.

आषाढी द्वादशीला माशेलचा चिखलकालो, चिखलात खेळायचा उत्सव. कव्हर घालूनच उभा होतो. मागून पोरांचा लोंढा आला आणि बॉडी, २४-७० सकट चिखलात. कंपनीला फोन लावला. पलीकडच्या बाईंनी नंबर टाकला आणि म्हणाल्या, "सर, ही पॉलिसी एका स्कूटरची आहे. तीसुद्धा संपलेली."

मग सुरू झाल्या फेऱ्या. एका ठाण्यात, "पैसे तूच दिलेस ना? मग?" दुसऱ्यात हद्दीचा प्रश्न. १ जुलै २०२४ पासून हद्द न बघता तक्रार नोंदवावी लागते, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १७३, असं म्हटल्यावर हवालदार म्हणतो, "वकील कितें तू?" फसवणुकीच्या कलम चारशेवीसचं आता ३१८ झालंय हेही मीच सांगायचं! अर्ज घेतला, पोच मागितली तर "फाल्यां यो", उद्या ये. ते फाल्यां अजून उजाडायचंय. कंपनी म्हणते, एजंट आमचा नाही, पॉलिसी आमची नाही. मग लोगो कोणाचा? विमा लोकपालाकडे जावं तर तिथे तक्रार विमा कंपनी किंवा विमा ब्रोकरविरुद्ध चालते, आणि माझ्याकडे दोन्ही नाहीत. प्रत्येक टेबलावर खऱ्या माणसालाच पुरावे मागतात, खोटा तिकडे ऐटीत फिरतो.

पॉलिसीवर यूआयएन, म्हणजे त्या विमा योजनेचा ओळख क्रमांक असतो, तो विमा नियामकाच्या साइटवर कशाचा निघतो ते बघा. एजंटने दिलेल्या नंबरवर नाही, कंपनीच्या साइटवरच्या नंबरवर फोन करा. पैसे नुकतेच गेले असतील तर लगेच १९३० ही सायबर फसवणुकीची हेल्पलाइन लावा, मला कळेपर्यंत महिने उलटले होते. आणि पॉलिसीत प्रत्येक लेन्सचा नंबर वेगळा लिहून घ्या.

फोटोग्राफरांच्या ग्रुपवर हे टाकल्यावर आणखी तिघांचे कागद तसेच निघाले. एकाच्या ड्रोनलाही चासी नंबर आहे. आम्ही एकत्र तक्रार देतोय. या एजंटकडून पॉलिसी घेतली असेल तर मूळ पीडीएफ आणि यूपीआयची पावती जपून ठेवा, त्याला काही विचारू नका, आणि आमच्यासोबत या.