जुना लॅपटॉप: विंडोज ११ की लिनक्स मिंट?

१४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०चा नेहमीचा सपोर्ट संपला. घरगुती ग्राहकांना सुरक्षा अपडेट वाढवून मिळतात खरे, पण तेही ऑक्टोबर २०२६पर्यंतच. मग सात-आठ वर्षांच्या लॅपटॉपचं करायचं काय?

विंडोज ११ला टीपीएम २.० (लॅपटॉपमधली सुरक्षा चिप) लागतं आणि इंटेलचा प्रोसेसर असेल तर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा. सातव्या पिढीचा आय५ असेल, तर मशीन कितीही ठणठणीत असो, नापास. पळवाटा आहेत, पण घरात एकच मशीन असेल तर त्या नादाला लागू नये. किमान रॅम ४ जीबी सांगितलीय. तेवढ्यावर विंडोज ११ रडतखडतच चालतं. लिनक्स मिंट, म्हणजे विंडोजऐवजी बसवता येणारी ऑपरेटिंग सिस्टिम, तेवढ्यात बऱ्यापैकी निभावते. अजून जुनी हार्ड डिस्कच असेल, तर काहीही टाकण्याआधी एसएसडी (वेगवान डिस्क) बसवा.

खरी मेख सॉफ्टवेअरची. टॅली, कोरलड्रॉ, फोटोशॉप यांपैकी एकावर जरी पोट असेल, तर विंडोजच. लग्नपत्रिका, हँडबिलं करणाऱ्यांचंही तेच. श्रीलिपी, कृतिदेवमधला जुना मजकूर युनिकोड, म्हणजे कुठल्याही मशीनवर सारखाच वाचता येणारा, नाही. फॉन्ट नसेल तर इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांची खिचडी दिसते. फॉन्ट मिंटमध्येही टाकता येतो, पण श्रीलिपी हे सॉफ्टवेअर विंडोजचं. युनिकोडमध्ये टाइप करणाऱ्यांना मात्र काळजी नाही. इनस्क्रिप्ट हा प्रमाण मराठी कीबोर्ड दोन्हीकडे आहे, बोटं नेमकी त्याच जागी पडतात. फोनेटिकची, म्हणजे इंग्रजी अक्षरांनी मराठी टाइप करण्याची, सवय असेल तर मिंटमध्ये आयबस आणि एम१७एन ही टायपिंगची सॉफ्टवेअर बसवावी लागतात. एकदाची कटकट, मग विसरून जा.

ब्राउझर, यूट्यूब, मुलांचा अभ्यास, लिब्रेऑफिसमधली पत्रं एवढंच काम असेल, तर माझं मत मिंटला. २२ ही आवृत्ती २०२९पर्यंत अपडेट घेते आणि फुकट आहे. वर्डच्या साध्या फाइली नीट उघडतात, मॅक्रोवाल्या (आपोआप काम करणाऱ्या आज्ञा असलेल्या) एक्सेलची मात्र खात्री धरू नका.

प्रिंटर आधी तपासा. एचपीचे बहुतेक चालतात. कॅनन एलबीपी २९०० लिनक्सवर डोकं खातो. मिंट पेनड्राइव्हवरून न बसवताच चालवून बघता येतं. त्यातच वायफाय, आवाज, कॅमेरा आणि प्रिंट काढून बघा. बसवायचं ठरलंच, तर फोटो आणि कागदपत्रं आधी दुसऱ्या डिस्कवर घ्या. डिस्क पुसण्याचा पर्याय निवडलात तर विंडोजसकट सगळं जातं.