पहिला ओटीपी फेल गेला, दुसरा सांगा

लातूरच्या मोंढ्यात एका शेतकऱ्यानं सोयाबीन घातलं, पट्टीचे पैसे खात्यात आले आणि दुसऱ्याच दिवशी त्यातले 1,499 रुपये कटले. पासबुकात ‘एसीएच’, म्हणजे खात्यातून आपोआप झालेली वसुली, आणि पुढं कुण्या अनोळखी कंपनीचं अर्धवट नाव. गाडीचा हप्ता तर पाच तारखेला वेगळाच जात होता. मागचं पान उलटलं तर याआधीही तीनदा 1,499 गेलेले. एकूण 5,996.

गाडी घेताना एजंटानं टॅबवर दोनदा ओटीपी घेतला होता. ‘पहिला फेल गेला, दुसरा सांगा.’ फेल काहीच गेलं नव्हतं. पहिल्या ओटीपीवर कर्जाच्या हप्त्याचं मँडेट झालं, दुसऱ्यावर कसल्याशा हेल्थ कार्डाच्या वर्गणीचं. आधारला नंबर स्वतःचा, म्हणून ओटीपी हातात आला. बँकेला नंबर पुण्यातल्या पोराचा, म्हणून पैसे कटल्याचे मेसेज तिकडं गेले. गावोगावी हीच तऱ्हा आहे.

मँडेट म्हणजे आपण आपल्या बँकेला दिलेली कायमची परवानगी. कंपनी तिच्या बँकेमार्फत वसुलीची यादी पाठवते, ती एनपीसीआय या देशभरच्या पेमेंट संस्थेच्या ‘नॅच’ या वसुली यंत्रणेतून आपल्या बँकेत येते आणि पैसे कटतात. दर वेळी ओटीपी लागत नाही. 1 ऑगस्ट 2021 पासून रविवारी, सुटीच्या दिवशीही हे चालतं. ओटीपी द्यायच्या आधी स्क्रीनवर कंपनीचं नाव, रक्कम, किती दिवसांनी आणि कुठवर कटणार, सगळं लिहिलेलं असतं. टॅब एजंटाच्या हातात असतो, गोची तिथंच होते. रकमेपुढं ‘मॅक्झिमम’ आणि किती दिवसांनी कटणार त्यापुढं ‘ॲज अँड व्हेन प्रेझेंटेड’ असेल, तर त्या आकड्याच्या आत कितीही, कधीही मागता येतं.

यावर लोक खातं रिकामं ठेवतात. तसं करू नका. पैसे नसताना वसुली आली की काही बँका 250 रुपये आणि त्यावर 18 टक्के जीएसटी, म्हणजे 295 रुपये लावतात. परत आली की परत 295. शिवाय गाडीचा खरा हप्ताही बाउन्स होतो, फायनान्सवाला आपला दंड वेगळा लावतो. 2007 च्या पेमेंट कायद्याच्या कलम 25 खाली तो खटलाही भरू शकतो, अगदी चेक बाउन्ससारखा.

पासबुक घेऊन शाखेत जा. त्या नोंदीचा यूएमआरएन मागा. प्रत्येक मँडेटचा हा 20 अक्षरी क्रमांक वेगळा असतो. तेवढंच मँडेट रद्द करायचा लेखी अर्ज द्या, कर्जाच्या हप्त्याचं राहू द्या. ‘कंपनीचं पत्र आणा’ असं काउंटरवर हमखास ऐकवतात. त्याची गरज नाही. सोबत सायबर फसवणुकीच्या 1930 या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. बँकेनं 30 दिवसांत उत्तर दिलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडं जाता येतं, चौकशीसाठी 14448.

अर्जाच्या प्रतीवर शिक्का आणि तारीख घेतल्याशिवाय शाखेतून उठू नका. ओटीपी आपणच सांगितलेला असला तर कळवेपर्यंतचं नुकसान ग्राहकाच्या माथी. कळवल्यानंतर कटलं तर बँकेच्या, असं रिझर्व्ह बँकेनं 6 जुलै 2017 च्या परिपत्रकात ठरवलं.