शिडी घेऊन दारात आलेला माणूस आणि माझे पावणेपाच हजार डॉलर

मंडळी, लांबलचक लिहितोय, पण टेक्सास, ओक्लाहोमा, कोलोरॅडो अशा गारपिटीच्या पट्ट्यात ज्यांचं घर आहे त्यांनी तरी शेवटपर्यंत वाचा. मी स्वतःला बराच हुशार समजत होतो, रोज ऑफिसात दुसऱ्यांचे कॉन्ट्रॅक्ट वाचतो, आणि घरच्या छपराचा कागद मात्र टॅबलेटवर बोटानं सही करून मोकळा झालो.

आम्ही डॅलसच्या उत्तरेला राहतो. घर २०१२ सालचं, छप्पर साधं डांबरी शिंगल्सचं (एकावर एक चढवून खिळ्यांनी ठोकलेले, वर बारीक खडीचे दाणे असलेले डांबराचे चपटे तुकडे), इकडे सगळ्यांचं असतं तसंच. गेल्या एप्रिलात एका रात्री वादळ झालं, थोड्या गारा पडल्या, हरभऱ्याएवढ्या असतील नसतील. सकाळी आईच्या खोलीत (ती तेव्हा सहा महिन्यांसाठी आली होती) छताला चहाच्या डागासारखा पिवळट गोल दिसला आणि मधून थेंब. आईनं मला उठवलंसुद्धा नाही, कणकेचं पातेलं खाली ठेवून देवपूजा करत बसली होती. कोकणात वाढलेल्या माणसाला गळकं छप्पर म्हणजे काही विशेष नाही.

दोनच दिवसांनी संध्याकाळी बेल. पोलो शर्ट, कंपनीचा लोगो, हातात टॅबलेट, गाडीवर शिडी. एकदम नम्र. म्हणे तुमच्या गल्लीत तीन घरांचं छप्पर इन्शुरन्सनं अप्रूव्ह केलंय, तुमचं फुकट बघून देतो. आता मला गळती होतीच, मला वाटलं देवच पावला. मी कॉलवर होतो म्हणून म्हटलं बघ बाबा. तो वर गेला, वीसेक मिनिटं वर होता, आणि खाली येऊन फोनवर फोटो दाखवायला लागला: शिंगल्सवर नाण्याएवढे गोल खड्डे, त्यातले दाणे उडालेले, खालचा काळा भाग उघडा. "टोटल हेल डॅमेज, सर. अख्खं छप्पर बदलावं लागेल."

आई बॅकयार्डात कपडे काढत होती. रात्री जेवताना म्हणाली, "अरे, तो वर ठकठक काय करत होता?" मी म्हटलं तपासत असेल. ती गप्प बसली. ते गप्प बसणं मला तेव्हा कळायला हवं होतं.

सही मी तिथल्या तिथे केली होती. तो म्हणाला ही फक्त इन्स्पेक्शनची आणि इन्शुरन्सशी बोलायची परमिशन. नंतर ईमेलमधली पीडीएफ उघडली तेव्हा कळलं की ते चक्क कॉन्ट्रॅक्ट होतं: क्लेम पास झाला तर काम ह्यांनाच द्यायचं, आणि मी मागे फिरलो तर क्लेमच्या रकमेच्या वीस टक्के ह्यांना. हे मी वाचलं अकराव्या दिवशी. दारावर येऊन विकणाऱ्याशी केलेला करार तीन कामकाजाच्या दिवसांत रद्द करता येतो असा केंद्राचा नियम आहे आणि ते रद्द करायचा फॉर्म त्यानंच द्यायचा असतो. मला कसला फॉर्म आणि कसलं काय.

आता पैशाचं. माझ्या पॉलिसीत वारा-गारांचं डिडक्टिबल (नुकसानीतला आपण स्वतः सोसायचा हिस्सा) घराच्या कव्हरेजच्या दोन टक्के आहे, कव्हरेज चार लाख वीस हजार, म्हणजे आठ हजार चारशे डॉलर माझ्या खिशातून. हे ऐकून माझा चेहरा पडला तसा तो लगेच म्हणाला, डोन्ट वरी सर, डिडक्टिबल आम्ही ॲबसॉर्ब करतो. मला वाटलं काय भला माणूस आहे. तर टेक्सासमध्ये १ सप्टेंबर २०१९ पासून कायदाच आहे की डिडक्टिबल घरमालकानंच भरायचं, रूफरनं (छपराचं काम करणाऱ्यानं) ते माफ करतो किंवा ॲडजस्ट करतो म्हणणं हा गुन्हा आहे. म्हणजे जे वाक्य ऐकून मी खूश झालो तेच वाक्य ऐकून दार लावायला हवं होतं. त्याच्या कार्डावर "लायसन्स्ड अँड इन्शुअर्ड" असंही ठळक लिहिलं होतं. टेक्सासात रूफरला राज्याचं लायसन्सच नाही! मग ते लायसन्स कशाचं, गाडी चालवायचं?

मग त्यानं दोन रकमा घेतल्या. ९५० डॉलर तात्पुरती गळती थांबवायला, आणि ३८०० डॉलर मटेरियलचं डिपॉझिट, का तर सीझन आहे, शिंगल्सचा भाव वाढतोय, तुमचा रंग लॉक करून ठेवतो. क्रेडिट कार्ड घेत नाही म्हणाला, फी पडते, सो बँकेच्या ॲपवरून पाठवा. पाठवले. दोन्ही. कार्ड असतं तर निदान बँकेकडे भांडता तरी आलं असतं, ॲपवरनं आपण आपल्या हातानं पाठवलेले पैसे म्हटल्यावर बँकेनं हात वर केले.

तात्पुरत्या कामात त्याच्या माणसानं डागाच्या बरोबर वर, छपरावर, काळं रूफिंग सिमेंट थापलं. पुढच्या पावसात पातेलं परत खाली. फोन केला तर व्हॉइसमेल. आठवड्यानं नंबरच बंद. गाडीची नंबर प्लेट दुसऱ्या राज्याची होती हे शेजाऱ्यांच्या डोअरबेल कॅमेऱ्यात दिसलं, माझ्या स्वतःच्या डोळ्यासमोर ती गाडी तासभर उभी होती तरी मला दिसलं नव्हतं.

मधल्या काळात इन्शुरन्सचा ॲडजस्टर, म्हणजे नुकसान तपासणारा त्यांचा माणूस, आला. त्यानं छपराच्या प्रत्येक उतारावर खडूनं दहा बाय दहा फुटांचा चौकोन आखला आणि मोजत बसला. खाली येऊन मला सरळ विचारलं, वर कोण चढलं होतं? त्यानं जे दाखवलं ते मी जन्मात विसरणार नाही. गारा पडतात तेव्हा मार कसाही विखुरलेला असतो, लहानमोठा, आणि शिंगलच्या आधी मऊ धातूला लागतो: व्हेंटच्या टोप्या, गटर, एसीच्या बाहेरच्या युनिटच्या पातळ पट्ट्या. माझ्याकडे तिथे एक ओरखडा नाही. आणि खड्डे सगळे एकाच मापाचे, रिजच्या (छपराच्या सगळ्यात वरच्या कण्याच्या) जवळ बसून हात पुरेल तेवढ्याच अंतरात, जवळजवळ ओळीत. म्हणजे गोल तोंडाची हातोडी. म्हणजे आईनं ऐकलेली ठकठक. मला घाम फुटला, कारण त्या क्षणी मीच खोटा क्लेम करणारा दिसत होतो. माणूस चांगला होता, त्यानं समजून घेतलं, पण क्लेम रिजेक्ट. आणि क्लेमची नोंद इकडे सात वर्षांपर्यंत रेकॉर्डला राहते.

मग गळती कुठून? तर ऑफिसातल्या एका मित्रानं इकडचाच, वीस वर्षं ह्याच गावात काम करणारा रूफर दिला. तो आला तो शिडी न लावता आधी ॲटिकमध्ये, म्हणजे छपराखालच्या माळ्यावर गेला, टॉर्च घेऊन, आणि मलाही वर ओढला. इन्सुलेशन खाजतं, उकडतं, पण गेलो. त्यानं रॅफ्टरवर (छपराच्या तिरक्या वाशावर) पाण्याची तपकिरी रेघ दाखवली आणि तिच्या मागे मागे वर जात जात सात फुटांवर प्लंबिंगच्या व्हेंट पाइपजवळ (छपरातून बाहेर निघणाऱ्या हवेच्या नळीजवळ) थांबला. पाणी शिरत होतं तिथून, लाकडावरनं ओघळत येऊन पडत होतं आईच्या खोलीवर. पाइपभोवती रबराची कॉलर असते, बूट म्हणतात, टेक्सासच्या उन्हात दहाएक वर्षांत ती तडकते. माझी तडकून चक्क फाकली होती, बोट जाईल एवढी. बाकी छप्पर, तो म्हणाला, अजून चांगली पाचसहा वर्षं जाईल.

बूट बदलायला तासही लागला नाही. वरच्या बाजूच्या शिंगल्स अलगद उचलल्या, खिळे काढले, नवीन बुटाची पत्र्याची कड वरच्या शिंगल्सच्या खाली आणि खालच्या शिंगल्सच्या वर अशी सरकवली, उघड्या राहिलेल्या खिळ्यांच्या डोक्यांवर सीलंट. खालची कड मुद्दाम मोकळी ठेवली, पाण्याला वाट हवी म्हणून. बिल २७५ डॉलर. जास्त वेळ गेला तो त्या थापलेल्या सिमेंटपायी, त्यानं शिंगल्स एकमेकांना अशा चिकटल्या होत्या की काढताना नऊ फाटल्या, त्याचे वेगळे १८० आणि हातोडीनं फोडलेल्यांचे आणखी वेगळे, तो आकडा लिहीत नाही, बायको वाचते.

ह्या सगळ्यात आईचं एक ऐकवतो. त्यांच्या राजापूरकडच्या घरी दर वर्षी पावसाआधी घर शाकारायचे: कौलं उतरवायची, झाडायची, वानरांनी सरकवलेली परत बसवायची, फुटकी बदलायची. शाकारणारा वर असला की आजोबा पूर्ण वेळ अंगणात उभे, आणि फुटलं म्हणून बदललेलं प्रत्येक कौल खाली मागवून घ्यायचे, दाखव म्हणायचे. माणूस ओळखीचा, गावातलाच, तीस वर्षं येणारा, तरी. आणि मी अमेरिकेत अनोळखी माणसाला छपरावर एकटा सोडून झूमवर बसलो होतो.

तक्रार राज्याच्या ॲटर्नी जनरलकडे ऑनलाइन केली आहे, फोटो, पीडीएफ, बँकेची एंट्री, ॲडजस्टरचा रिपोर्ट सगळं जोडून. पोच आली, पैसे आले नाहीत. मध्ये एकदा त्या कंपनीच्या ईमेलवरून कॅन्सलेशनचे वीस टक्के द्या असं पत्रही आलं, लाज नाही. मी क्लेम रिजेक्ट झाल्याचं पत्र उलट पाठवलं आणि खाली लिहिलं, शून्याचे वीस टक्के काढून घ्या. त्यानंतर शांतता आहे.

आई आता गावी आहे. परवा फोनवर सांगत होती की शाकारणीला माणूस मिळत नाही, म्हणून काकांनी पत्रे घालायचं ठरवलंय. मग विचारलं, "तुझं ते गळायचं थांबलं ना?" म्हटलं थांबलं. "आणि पैसे?" म्हटलं आई, रेंज नाही नीट, नंतर बोलतो.