कृष्णविवराच्या क्ष-किरण ज्वाला: चंद्रा की ॲस्ट्रोसॅट?

महाकाय कृष्णविवराकडे ओढल्या जाणाऱ्या वायूतून अचानक उसळणाऱ्या क्ष-किरण ज्वाला टिपायच्या असतील, तर 1999 मध्ये सोडलेली नासाची चंद्रा दुर्बीण आणि 2015 मधील भारताची ॲस्ट्रोसॅट यांपैकी निवड लक्ष्य कोणते आहे त्यावर ठरते.

लक्ष्य आपल्या आकाशगंगेच्या केंद्रातील, सुमारे 40 लाख सूर्यांच्या वस्तुमानाचे धनू ए* हे कृष्णविवर असेल, तर माझ्या मते चंद्राला पर्याय नाही. तो परिसर क्ष-किरण स्रोतांनी गच्च भरलेला आहे आणि अर्ध्या आर्कसेकंदाइतकी (आर्कसेकंद म्हणजे एका अंशाचा 3600वा भाग) तीक्ष्ण नजर असल्यामुळेच चंद्राला 2000 साली तिथली पहिली वेगवान ज्वाला वेगळी ओळखता आली. शिवाय तिची कक्षा इतकी लांबट आहे की एकाच लक्ष्यावर ती दोन दिवसांहून अधिक काळ सलग नजर ठेवू शकते. साधारण दिवसाला एक ज्वाला येणाऱ्या स्रोतासाठी हे फार मोलाचे आहे.

ॲस्ट्रोसॅट सुमारे 650 किलोमीटर उंचीवरून फिरते, त्यामुळे पृथ्वी वारंवार आड येते. मुंबईत कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या पुढाकाराने घडलेल्या तिच्या क्ष-किरण दुर्बिणीची प्रतिमाही बरीच पसरट असते. मात्र एकाकी, तेजस्वी दीर्घिकाकेंद्र (दुसऱ्या एखाद्या दीर्घिकेच्या मध्यभागातील कृष्णविवराचा परिसर) पाहायचे असेल तर मी ॲस्ट्रोसॅटच निवडेन (मुंबईकर म्हणून त्याचा अभिमानही आहे), कारण मृदू (कमी ऊर्जेच्या) व कठोर (जास्त ऊर्जेच्या) क्ष-किरणांबरोबर अतिनील प्रकाशही ती एकाच वेळी मोजते आणि त्यावरून कोणत्या पट्ट्यातील बदल आधी झाला, हे तपासता येते.