बीजीआय की थेट व्हिडिओ मेमरी?

डॉसवर चालणारा ग्राफिक्सचा प्रोग्रॅम टर्बो सी या बोरलँडच्या सी कंपायलरमध्ये लिहायचा असेल, मग तो जुन्या ३८६ संगणकावर असो वा आजच्या संगणकात डॉस चालवणाऱ्या डॉसबॉक्समध्ये, तर बोरलँडची बीजीआय (बोरलँड ग्राफिक्स इंटरफेस) ही तयार फंक्शन्सची लायब्ररी वापरावी की व्हीजीए ग्राफिक्स कार्डाच्या १३एच या २५६ रंगी मोडमध्ये थेट पडद्याच्या मेमरीत लिहावे, हे आधीच ठरवलेले बरे. मध्येच मार्ग बदलला तर रेखाटनाचा सगळा कोड नव्याने लिहावा लागतो.

बोरलँडच्याच टर्बो पास्कल ४.० कंपायलरसोबत १९८७ साली आलेली बीजीआय संगणकात हर्क्युलस, सीजीए, ईजीए की व्हीजीए कार्ड आहे हे स्वतः ओळखते, त्यानुसार त्या कार्डाशी बोलणारा ड्रायव्हर लोड करते आणि रेषा, वर्तुळ, बहुभुज, रंगभरण, फाँट असा सगळा संच हाती देते. अडचण येते ती ड्रायव्हरची फाइल वेगळी असल्यामुळे. आपल्याकडे कॉम्प्युटर ग्राफिक्सच्या प्रॅक्टिकलला बसलेल्या अनेकांना आठवत असेल: ग्राफिक्स सुरू करणाऱ्या इनिटग्राफ फंक्शनला दिलेल्या ड्रायव्हरच्या पाथमध्ये लहान लिपीतील ‘टीसी’ आणि ‘बीजीआय’ यांच्या आधी एकेरी बॅकस्लॅश टाकला, की सी भाषा पहिल्याचा टॅब आणि दुसऱ्याचा बॅकस्पेस करते, ड्रायव्हर सापडत नाही आणि चित्राऐवजी ‘बीजीआय एरर’ उमटते. बीजीआयओबीजे हे सोबतचे साधन वापरून ड्रायव्हर ईएक्सईतच जोडून घेतला, तर ही कटकट मिटते.

वेगाचे मात्र तसे नाही. ६४० × ४८० च्या १६ रंगी मोडमध्ये एका पिक्सेलचे ४ बिट ४ वेगवेगळ्या प्लेनमध्ये, म्हणजे मेमरीच्या थरांमध्ये, विखुरलेले असतात आणि प्रत्येक ठिपका ड्रायव्हरमार्फत उमटतो. शिवाय येथे बीजीआय एकच पेज (पडदाभर चित्राची जागा) देते, पुढचे चित्र आडून काढून ठेवता येत नाही, त्यामुळे हलणारे चित्र लुकलुकते. दोन पेजेस हवी असतील तर ६४० × ३५० वर उतरावे लागते.

१३एच मोडमध्ये ३२० × २०० म्हणजे ६४,००० बाइट, पिक्सेलला एक बाइट, आणि सगळा पडदा ६४ केबीच्या एकाच सेगमेंटमध्ये (मेमरीच्या सलग तुकड्यात) मावतो. ‘वाय’ला ३२० ने गुणून त्यात ‘एक्स’ मिळवला की पत्ता तयार. रंग २,६२,१४४ पैकी २५६ निवडता येतात. रेषा, वर्तुळ, अक्षरे हे सारे मात्र स्वतः लिहावे लागते, आणि पिक्सेल रुंदीपेक्षा उंचीला अधिक असल्याने साध्या सूत्राने काढलेले वर्तुळ अंड्यासारखे उभट दिसते. बीजीआय हे प्रमाण आपणहून सांभाळते.

आलेख किंवा अल्गोरिदमचा अभ्यास असेल तर मी बीजीआयच घेईन, खेळ लिहायचा असेल तर निःसंकोच १३एच. रंगांसाठी बीजीआयलाच चिकटून राहायचे असेल, तर सोबत मिळणारा व्हीजीए ड्रायव्हर १६ रंगांवर थांबतो, हे ध्यानात असू द्यावे. २५६ रंगांसाठी इतरांनी लिहिलेला ड्रायव्हर शोधावा लागतो.