खडक आणि लाटा ऑइलमध्ये: एका बैठकीत की थर देत देत?

खडकाळ समुद्र ऑइलमध्ये काढायचं ठरवलंय आणि आता अडलंय ते इथे, की सगळं ओल्यात ओलं करून एका बैठकीत संपवायचं की थर वाळू देत पंधरा दिवस, महिनाभर पुरवून करायचं. माझं म्हणणं, आधी फेसाचा विचार करा. आकाश, लांबचं पाणी, खडकांचे आकार दोन्हीकडे जमतात, खरी गोची खडकावरून ओघळणाऱ्या फेसाची आहे.

मी पहिल्यांदा केलं तेव्हा बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी) आणि अल्ट्रामरीन (गडद निळा) मिसळून मस्त काळपट खडक उभे केले (ट्यूबमधला काळा घेऊ नका, खडक मेल्यासारखे दिसतात) आणि त्याच ओल्या रंगावर ब्रशने पांढरा फेस ओढायला गेले. पहिला फटका पांढरा, दुसरा राखाडी, तिसऱ्याला सरळ चिखल! कारण ब्रश खालचा गडद रंग उचलत होता आणि मी तोच ब्रश न पुसता परत परत घासत होते. एका बैठकीत करायचं असेल तर इथे पॅलेट नाइफ (रंग लावायची बोथट, लवचीक पाती) घ्या, भरपूर रंग उचला, एकदा ठेवा आणि परत हात लावू नका, नाइफ दर वेळी पुसा. फ्रेंच चित्रकार कुर्बेने लाटा अशाच नाइफने थापल्यात.

थरांच्या कामात हे टेन्शनच नाही. खडक वाळलाय, वर जवळजवळ कोरड्या ब्रशने निळसर पांढरा हलका घासायचा, मधून खडक दिसत राहतो आणि फेस पातळ वाटतो, आवडला नाही तर फडक्याने पुसून टाका, खाली काही बिघडत नाही. लाटेच्या माथ्याजवळ पाणी पातळ असतं, तिथून उजेड आरपार येतो, तो हिरवा तर थरांतच खुलतो: खाली फिकट पिवळसर रंग वाळवायचा आणि वर तेलात पातळ केलेला व्हिरिडियन (पारदर्शक निळसर हिरवा). ओल्यात थेट मिसळून हिरवा मिळतो, पण आतून उजळल्यासारखा नाही दिसत.

मग सगळ्यांनी थरच का देऊ नयेत? तर पेशन्स. ऑइल पाण्यासारखं उडून वाळत नाही, हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होतं. अंबर (मातकट तपकिरी) एक-दोन दिवसात हाताला लागेनासा होतो, टायटेनियम व्हाइट जाड लावलात तर आठवडा गेलाच समजा. म्हणून खालचा थर अंबरचा, टर्पेंटाइनने पातळ केलेला, आणि वर जाताना तेल वाढवत न्यायचं, उलट केलंत तर पुढे तडे जातात. रंगात अल्किड मिडियम (लवकर वाळवणारं द्रव्य) घातलं तर वाट बघणं बरंच कमी होतं.

शिवाय थरांच्या नादात लाट गोठते हो. चार दिवस त्याच लाटेवर बसलं की एकेक थेंब कोरला जातो आणि पाणी काचेचं दिसायला लागतं. ओल्यात केलेल्या चित्रात लाटेच्या कडा आपोआप मऊ होतात, हलल्यासारख्या वाटतात, ती मजा थरांत मुद्दाम आणावी लागते.

किनाऱ्यावर बसून काढणार असाल तर प्रश्नच मिटला, एक बैठकच, कारण दोन तासात उजेड बदलतो आणि भरतीत खडकावरची ओली रेघ वर सरकते. तेवढं भरतीचं टाइमटेबल बघून बसा, १८८५ मध्ये फ्रान्सच्या किनाऱ्यावर एत्रताला चित्रकार मोनेचा अंदाज चुकला आणि एका लाटेत इझल, रंग सगळं गेलं.

घरी फोटोवरून करणार असाल तर मी मधला रस्ता घेते, आकाश, पाणी, खडक एका दमात ओल्यात उरकते आणि फेस आठवड्याने. त्यातही शुद्ध पांढरा फक्त उन्हातल्या कडेला, सावलीतला फेस जांभळट राखाडी असतो, सुरुवातीला मी सगळाच पांढरा केला होता आणि खडकांवर कापूस पिंजून ठेवल्यासारखा दिसत होता.