भाव न पाडणारं गिऱ्हाईक

चार लाख पन्नास हजार रुपये. एवढ्या रकमेचा चेक माझ्याकडे पडून आहे आणि तो वटत नाही. वर त्याच बिलाचा २३,७५० रुपये जीएसटी मी पदरचा भरला, कारण पैसे येवोत न येवोत, बिल फाडलं की कर भरावाच लागतो. हळद उचलून मला फसवणाऱ्यांची नावं लिहू नका असं वकिलांनी सांगितलंय, म्हणून लिहीत नाही. त्यांची पद्धत मात्र लिहिणार, कारण असाच फोन बेदाणावाल्यांनाही येतोय असं मार्केट यार्डात कानावर आलंय.

सांगलीजवळ कुपवाडला माझं हळद पावडरचं युनिट आहे. सुरुवात घरातून पाव किलोच्या पाकिटांवर झाली, मग मुद्रा कर्ज काढून पल्व्हरायझर, म्हणजे दळायचं मशीन घेतलं. मशीन आलं की जो तो सांगतो, आता धंदा वाढवा, होलसेलमध्ये उतरा. बँकेचे साहेब म्हणाले, सीए म्हणाले, घरातलेही म्हणाले. बँकेचा हप्ता चालू, अडत्याचे हळकुंडाचे पैसे द्यायचे राहिलेले, आणि नेमकी तेव्हा परराज्यातून ऑर्डर आली. सांगलीच्या हळदीला जीआय, म्हणजे त्या भागाच्या मालाचं सरकारी मानांकन आहे, आम्हाला तुमच्याकडचीच पाहिजे, असं ऑर्डर देणारा गोड बोलला. माझ्या जागी कोण नाही म्हणालं असतं, सांगा.

पहिल्यांदा ५० किलो, १९० रुपयांनी, करासकट ९,९७५. पैसे आगाऊ. मग २०० किलो, ३९,९०० रुपये, माल पोचायच्या आत खात्यात. पुढचं तुम्हाला माहितीच आहे. तिसरी ऑर्डर अडीच टनाची, बिल ४,९८,७५० रुपये. ४८,७५० लगेच टाकले आणि बाकीच्याचा पुढच्या तारखेचा चेक कुरिअरनं आला.

मला रात्री झोप लागत नाही ती भावामुळे. मी १९० सांगितला तो १८० ला तुटेल या हिशोबानं. अडीच टन घेणारा माणूस रुपया-रुपयासाठी अर्धा तास भांडतो, हे सांगलीत शेंबड्या पोरालाही कळतं. हा म्हणाला, "ठीक आहे ताई, बिल बनवा." हळदीची जात राजापुरी का सेलम हे विचारलं नाही. करक्युमिन (हळदीला रंग देणारा घटक) किती, ओल किती, लॅबचा रिपोर्ट आहे का, काही नाही. मी आपणहून नमुन्याची पुडी पाठवते म्हटलं तर म्हणाला, "तुमच्यावर विश्वास आहे." ज्याला पैसे द्यायचेच नसतात तो भाव कशाला पाडेल? ते वाक्य ऐकताना मला बरं वाटलं होतं, याचा आज सगळ्यात जास्त संताप येतो.

दुसरी खूण गाडी वाटेत असताना मिळाली. ड्रायव्हरचा फोन आला, "वहिनी, पार्टी म्हणतीया त्या गोडाऊनला जागा नाही, माल दुसरीकडं उतरवा. उतरवू का?" ई-वे बिलावर, म्हणजे गाडीसोबतच्या जीएसटीच्या वाहतूक परवान्यावर एक पत्ता आणि माल उतरणार भलत्याच ठिकाणी. तेव्हाच गाडी माघारी बोलवायला हवी होती. पण मी पार्टीला फोन लावला, त्यानं पहिल्या रिंगला उचलला, गोडाऊनचा फोटोसुद्धा पाठवला. मी हो म्हणाले. कोणीही तुम्हाला वाटेत पत्ता बदलायला सांगितला तर गाडी जागेवर थांबवा. एका दिवसाचं भाडं गेलं तर जाऊ दे.

आणि जीएसटी नंबर तपासला नाही का, असं मला कृपा करून विचारू नका. तपासला होता. पोर्टलवर नाव बरोबर, नोंदणी चालू. त्याच पानावर नोंदणीची तारीख असते आणि रिटर्न भरल्याचा तक्ताही असतो. तो वडिलांपासूनचा धंदा सांगत होता आणि नोंदणी होती तीन महिन्यांची. तारीख बघा, नुसतं "ॲक्टिव्ह" बघू नका.

चेक परत आला, शेरा "खाते बंद". फोन बंद. गोडाऊनच्या मालकाला शोधून काढलं, तो म्हणाला महिन्याच्या भाड्यानं दिलं होतं, गेले सोडून.

पोलीस ठाण्यात पहिला प्रश्न आला, "ताई, मिस्टर नाही आले?" युनिट माझ्या नावावर, बिल माझ्या सहीचं, आणि मी मिस्टरांना घेऊन यायचं! मग म्हणाले ही दिवाणी बाब आहे, कोर्टात जा. उधारी थकवणं आणि द्यायचेच नाहीत असं ठरवून माल उचलणं यात फरक आहे की नाही? भाड्याचं गोडाऊन, बंद खातं, नवी नोंदणी, यापलीकडे हेतू कसा दाखवायचा? पुढे सांगितलं, माल जिथं उतरला तिथल्या ठाण्यात जा. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेत गुन्हा कुठल्याही हद्दीत घडला तरी नोंदवून घ्यायची तरतूद आहे, कलम १७३. त्याची प्रिंट मी समोर ठेवली. साहेबांनी ती उलटी करून मागच्या कोऱ्या बाजूवर माझा मोबाइल नंबर लिहून घेतला. आर्थिक गुन्हे शाखेत म्हणाले रक्कम लहान आहे. सायबर फसवणुकीच्या १९३० हेल्पलाइनवर म्हणाले ही ऑनलाइन फसवणूक नाही. म्हणजे साडेचार लाख कुणाच्याच हद्दीत बसत नाहीत. लघुउद्योगांच्या थकलेल्या बिलांची तक्रार घेणाऱ्या सरकारी समाधान पोर्टलचंही अनेकांनी सुचवलं, पण जो माणूस पत्त्यावरच नाही त्याला नोटीस कोण बजावणार?

चेकबद्दल एक नीट ऐका. चेक परत आल्याचा बँकेचा मेमो मिळाल्यापासून ३० दिवसांत नोटीस गेलीच पाहिजे. नोटीस पोचल्यावर त्याला १५ दिवस, आणि त्यानंतर महिन्याच्या आत चेक न वटल्याबद्दलचा कलम १३८ चा दावा. पोलिसांच्या नादात हे दिवस घालवू नका. २०१५ च्या दुरुस्तीनंतर दावा आपलं खातं जिथं आहे तिथल्या कोर्टात चालतो, त्याच्या गावी जावं लागत नाही. हे मला वकिलांनी ७,५०० रुपये घेऊन सांगितलं. नोटीस "पत्त्यावर राहत नाही" म्हणून परत आली, तरी दावा दाखल केलाय.

माझ्याकडून त्यानं उद्यम (लघुउद्योग नोंदणी) प्रमाणपत्र आणि एफएसएसएआय (खाद्यपदार्थ) लायसन्सची कॉपीही घेतली आहे. माझ्या कागदांवर कुणी तुम्हाला हळद विकायला आलं तर आधी मला विचारा. आणि हळद, बेदाणा, गूळ, कशातही असाच माल गेला असेल तर बिल, बिल्टी (ट्रान्सपोर्टची पावती) आणि बँक मेमोची झेरॉक्स घेऊन यार्डात भेटा. एकटीची तक्रार कोणी घेत नाही. चार-पाच जणांचे कागद एकत्र झाले की मी पोलीस अधीक्षकांकडे लेखी अर्ज देणार आहे आणि पोहोच घेतल्याशिवाय तिथून उठणार नाही.